लिनक्स सर्व्हरसाठी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर: बिल्डपासून पॅकेजपर्यंत

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, बिल्ड करणं तसं सोपं आहे. टारबॉल (सोर्सची दाबलेली संग्रह फाइल) उघडायचा, ‘मेक’ म्हणायचं, मग ‘मेक इन्स्टॉल’, आणि कार्ड चालू. खरी अडचण येते कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पुढच्या अपडेटनंतर. सर्व्हर रीबूट होतो आणि नव्या कर्नलसाठी तो ड्रायव्हर कुणी बिल्डच केलेला नसतो. मग कार्ड तरी गायब असतं, नाहीतर कर्नलसोबत आलेला जुना ड्रायव्हर गुपचूप लोड झालेला असतो. नेटवर्कच गेलं की एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत जाऊन दुरुस्ती करायची सोयही जाते. म्हणून या लेखात बिल्डपेक्षा पॅकेजवर जास्त भर दिला आहे. हे काम नव्याने अंगावर आलेल्या सिस्टिम अ‍ॅडमिनसाठी तो लिहिला आहे.

उदाहरणाला इंटेलचं ई८१० कार्ड आणि त्याचा ‘आइस’ हा ड्रायव्हर घेतला आहे. एक्स७१० मालिकेचा ‘आय४०ई’ किंवा ८२५९९ आणि एक्स५५० चा ‘आयएक्सजीबीई’ असेल तरी रस्ता हाच. कमांड इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.

१. आधी ठरवा: वेगळा ड्रायव्हर खरंच लागतो का?

‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. प्रत्येक कार्डाच्या ओळीत चौकटी कंसात दोन आकडे दिसतील. पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १५बी३ म्हणजे मेलानॉक्स. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असेल तर कर्नलने कार्ड ओळखलेलं आहे. मग ‘ईथटूल -आय’ आणि पुढे इंटरफेसचं नाव देऊन ड्रायव्हर आणि फर्मवेअर कुठलं ते पाहा. हल्लीच्या कर्नलमध्ये आतल्या ड्रायव्हरची आवृत्ती म्हणून कर्नलचाच आकडा दिसतो. त्याने गोंधळू नका.

माझं स्पष्ट मत आहे की कर्नलमधला ड्रायव्हर काम करत असेल तर बाहेरचा घालू नये. कंपनीच्या साइटवर नवीन आकडा दिसला, एवढं कारण पुरत नाही. बाहेरचा ड्रायव्हर घ्यायची वाजवी कारणं मोजकीच आहेत: कार्ड इतकं नवं आहे की कर्नलला त्याचा आकडाच माहीत नाही, तुम्हाला त्रास देणारा दोष फक्त नव्या आवृत्तीत दुरुस्त झाला आहे, किंवा हार्डवेअरवाल्यांचा सपोर्ट विशिष्ट आवृत्तीशिवाय तक्रारच घेत नाही.

ई८१० च्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासा. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, ‘सेफ मोड’ असे शब्द दिसले तर दोष बहुधा ड्रायव्हरचा नसतो. या कार्डाला सुरू होताना डीडीपी नावाची एक फाइल लागते, ‘आइस डॉट पीकेजी’. ती सापडली नाही की कार्ड चालतं, पण अनेक क्यूंमध्ये ट्रॅफिक वाटण्यासारख्या महत्त्वाच्या सोयी बंद राहतात आणि वेग पडतो. अशा वेळी ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज अद्ययावत करून पाहा. पुष्कळदा काम तिथेच संपतं.

२. हाताशी काय काय हवं

रेड हॅट घराण्यासाठी (रॉकी, अल्मा यांसह):
- जीसीसी, मेक, ‘एल्फयुटिल्स-लिबएल्फ-डेव्हल’
- ‘कर्नल-डेव्हल’, चालू कर्नलच्या हुबेहूब आवृत्तीचं
- ‘आरपीएम-बिल्ड’ आणि ‘कर्नल-आरपीएम-मॅक्रोज’

डेबियन आणि उबंटूसाठी:
- ‘बिल्ड-इसेन्शियल’, ‘डीकेएमएस’ (हे काय ते भाग ४ मध्ये), ‘डेबहेल्पर’. डेबियन १२ पासून ‘डीएच-डीकेएमएस’ वेगळं घ्यावं लागतं
- ‘लिनक्स-हेडर्स’ आणि पुढे ‘युनेम -आर’चं उत्तर, म्हणजे चालू कर्नलची आवृत्ती. प्रॉक्समॉक्स ८ वर हेच पॅकेज ‘प्रॉक्समॉक्स-हेडर्स’ या नावाने सुरू होतं.

दोन्हीकडे: ‘मोकयुटिल’, ‘ओपनएसएसएल’, त्याच मॉडेलच्या कार्डाचा एक चाचणी सर्व्हर, आणि नेटवर्क कार्डावर अवलंबून नसलेला कन्सोल, म्हणजे आयड्रॅक, आयएलओ किंवा साधा आयपीएमआय. सर्व्हर नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि तुम्ही घरी, अशा स्थितीत कन्सोलचा पासवर्ड चालतो की नाही हे काम सुरू करण्याआधी लॉगिन करून बघा. हा कन्सोल नसेल तर पुढे जाऊच नका.

हेडरच्या, म्हणजे बिल्डला लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींच्या (वरचं ‘कर्नल-डेव्हल’ किंवा ‘लिनक्स-हेडर्स’) बाबतीत बहुतेक नवखे एकाच ठिकाणी अडखळतात. ‘डीएनएफ इन्स्टॉल कर्नल-डेव्हल’ म्हटलं की रिपॉझिटरीतली सर्वांत नवी आवृत्ती येते. तुमचा सर्व्हर मात्र चार महिने रीबूट न झालेल्या जुन्या कर्नलवर चालू असतो. मग ‘लिब/मॉड्यूल्स’ खालच्या ‘बिल्ड’ या लिंकला जागाच सापडत नाही आणि ‘मेक’ पहिल्याच ओळीत थांबतं. सोपा उपाय म्हणजे आधी कर्नल अपडेट करून रीबूट करा, मग हेडर घ्या. जुन्याच कर्नलवर राहायचं असेल तर त्या आवृत्तीचं पॅकेज शोधावं लागेल. रॉकी लिनक्सची जुनी उपआवृत्ती ‘व्हॉल्ट’मध्ये हलवलेली असते, तिथे मिळतं.

३. एकदा हाताने बिल्ड करून बघा, पण इन्स्टॉल करू नका

चाचणी सर्व्हरवर टारबॉल उघडा, ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये जा आणि साधं ‘मेक’ चालवा. रूट म्हणून नको, साध्या युजरने. शेवटी ‘आइस डॉट केओ’ हे मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये लोड होणारी ड्रायव्हरची फाइल, तयार झालेलं दिसेल. ‘बीटीएफ’ (डिबगसाठीची माहिती) बनवणं वगळलं, ‘व्हीएमलिनक्स’ सापडलं नाही, असा इशारा येईल. त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

बिल्ड अडलं तर कारण बहुधा या तिनातलं असतं.

पहिलं कंपायलर. उबंटू २२.०४ वर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल ६.५ आला तेव्हा तो जीसीसी १२ ने बनलेला होता आणि डिस्ट्रोचा नेहमीचा जीसीसी ११ होता. त्यामुळे कंपायलर सापडत नाही किंवा ‘एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय ओळखीचा नाही अशी तक्रार येते. ‘जीसीसी-१२’ इन्स्टॉल करा, विषय मिटतो. ड्रायव्हरच्या सोर्सला हात लावू नका.

दुसरं कंटेनर. स्वच्छ वातावरणात बिल्ड करावं म्हणून आपण कंटेनर घेतो, ते योग्यच आहे. पण कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. आत ‘युनेम -आर’ विचारलं तर उत्तर यजमान मशीनचं येतं आणि मेकफाइल भलत्याच कर्नलच्या शोधात जाते. इंटेलच्या मेकफाइलला ‘बिल्ड_कर्नल’ या व्हेरिएबलमधून आवृत्ती सांगता येते. ती नेहमीच उघड सांगा, कंटेनर असो वा नसो.

तिसरं रेड हॅटचा आकडा. रेड हॅट ९ चा कर्नल स्वतःला ५.१४ म्हणवतो, पण त्यात पुढच्या कर्नलमधला पुष्कळ कोड मागे आणून घातलेला असतो. ड्रायव्हर आकडा बघून ठरवतो की अमुक फंक्शन अजून नसणार, म्हणून स्वतःचं देतो, आणि दोन फंक्शनं एकमेकांवर आदळतात. इंटेलच्या सोर्समधली ‘केकॉम्पॅट’ ही हेडर फाइल हेच तंटे मिटवण्यासाठी आहे. तरीही ‘रीडिफिनिशन’ची एरर आली तर बहुधा ड्रायव्हरची आवृत्ती तुमच्या उपआवृत्तीपेक्षा जुनी आहे. नवा टारबॉल घ्या.

बिल्ड झालं की ‘मॉडइन्फो’ने त्या फाइलकडे नीट पाहा. ‘व्हर्जन’मध्ये टारबॉलचाच आकडा हवा. ‘व्हरमॅजिक’ची ओळ ज्या कर्नलवर चालवायचं त्याच्या नावाने सुरू व्हायला हवी. ‘डिपेंड्स’मध्ये कुठली इतर मॉड्यूल लागतात ते कळतं. व्हरमॅजिक जुळलं नाही तर लोड करताना ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ एवढंच उत्तर मिळतं. खरं कारण ‘डीमेसेज’च्या शेवटच्या ओळींत असतं.

‘मेक इन्स्टॉल’ इथे करायचं नाही. त्याने टाकलेल्या फाइली कुठल्याही पॅकेजच्या नावावर नसतात. सहा महिन्यांनी दुसरा अ‍ॅडमिन आला तर हा ड्रायव्हर आला कुठून, हे त्याला ना ‘आरपीएम’ सांगेल ना ‘डीपीकेजी’.

४. डीकेएमएस की तयार मॉड्यूल?

डीकेएमएस ही २००३ मध्ये डेलच्या लिनक्स अभियंत्यांनी बनवलेली पद्धत. पॅकेजमध्ये सोर्स जातो आणि प्रत्येक नवा कर्नल आला की त्या त्या सर्व्हरवर ड्रायव्हर पुन्हा बिल्ड होतो. सोय मोठी आहे, पण त्यासाठी प्रत्येक सर्व्हरवर कंपायलर आणि हेडर ठेवावे लागतात. बँकेसारख्या ठिकाणी प्रॉडक्शन सर्व्हरवर कंपायलर ठेवायला सुरक्षा विभाग सहसा मान्यता देत नाही.

दुसरी पद्धत रेड हॅट घराण्यातली, ‘केमॉड’ पॅकेजची. बिल्ड एकदाच, बिल्ड सर्व्हरवर. रेड हॅट काही ठरावीक सिम्बॉल, म्हणजे मॉड्यूलना वापरता येणारी कर्नलमधली फंक्शनं वगैरे, एका मोठ्या आवृत्तीभर बदलत नाही. त्या भरवशावर एकच मॉड्यूल पुढच्या अपडेट कर्नलनाही चालतं आणि ‘वीक-मॉड्यूल्स’ ही स्क्रिप्ट त्याची लिंक नव्या कर्नलच्या ‘वीक-अपडेट्स’ फोल्डरमध्ये घालते. पण नेटवर्क ड्रायव्हर वापरतात ते सगळेच सिम्बॉल त्या यादीत नसतात. ९.४ वरून ९.५ वर जाताना पॅकेज नव्याने बनवायची तयारी ठेवा.

मी रॉकी किंवा रेड हॅटवर केमॉड वापरतो आणि उबंटू-डेबियनवर डीकेएमएस. उबंटूवर कर्नलची प्रत्येक अपडेट नव्या नावाने येते, त्यामुळे तयार मॉड्यूलचा पाठलाग करत बसणं परवडत नाही. उलट रेड हॅटवर शंभर सर्व्हरांवर शंभरदा तेच बिल्ड करण्यात अर्थ नाही.

५. डीकेएमएस पॅकेज

सोर्स ‘यूएसआर/एसआरसी’ खाली नाव, आडवी रेघ, आवृत्ती अशा फोल्डरमध्ये ठेवायचा आणि त्यात ‘डीकेएमएस डॉट कॉन्फ’ लिहायची. ओळी थोड्याच असतात:

- ‘पॅकेज_नेम’ आणि ‘पॅकेज_व्हर्जन’: फोल्डरच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवेत
- ‘बिल्ट_मॉड्यूल_नेम[०]’: आइस
- ‘बिल्ट_मॉड्यूल_लोकेशन[०]’: एसआरसी, कारण मॉड्यूल त्या फोल्डरमध्ये तयार होतं
- ‘डेस्ट_मॉड्यूल_लोकेशन[०]’: तिरकी रेघ आणि ‘अपडेट्स’
- ‘ऑटोइन्स्टॉल’: येस
- ‘मेक[०]’: एसआरसी फोल्डरमध्ये मेक, सोबत ‘बिल्ड_कर्नल’ला डीकेएमएसचं ‘कर्नलव्हर’

शेवटच्या ओळीत एक बारीक गोम आहे. ही कमांड नुसत्या ‘मेक’ शब्दाने सुरू झाली तर डीकेएमएस स्वतःहून त्यात ‘कर्नलरिलीज’ हे व्हेरिएबल जोडतं. इंटेलची मेकफाइल ते व्हेरिएबल दिसलं की समजते, आपल्याला कर्नलच्या बिल्ड यंत्रणेने बोलावलं आहे, आणि भलताच भाग चालवते. बाहेरून दिसतं एवढंच की मॉड्यूल तयार झालं नाही. उपाय म्हणजे मेक हा शब्द कमांडच्या आत एकेरी अवतरण चिन्हांत लिहायचा. डीकेएमएस मग त्याला हात लावत नाही.

आता ‘डीकेएमएस अ‍ॅड’, ‘बिल्ड’, ‘इन्स्टॉल’ या क्रमाने, प्रत्येकाला ‘-एम’ने नाव आणि ‘-व्ही’ने आवृत्ती देऊन करून पाहा. बिल्ड फसलं तर ‘व्हार/लिब/डीकेएमएस’ खाली ‘मेक डॉट लॉग’ वाचा. त्यातली शेवटची नाही, पहिली एरर महत्त्वाची असते. हे चाललं की ‘डेबियन’ फोल्डर बनवा. ‘रूल्स’मध्ये डेबहेल्परला डीकेएमएसची जोड द्या, पॅकेजचं नाव ‘-डीकेएमएस’ने संपवा आणि आर्किटेक्चर ‘ऑल’ ठेवा, कारण आत फक्त सोर्स आहे.

डीडीपी फाइल विसरू नका. ती टारबॉलमध्ये ‘डीडीपी’ फोल्डरमध्ये असते. ‘लिब/फर्मवेअर’खालच्या मूळ जागी टाकलीत तर ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेजशी भांडण होईल. तिची योग्य जागा ‘लिब/फर्मवेअर/अपडेट्स/इंटेल/आइस/डीडीपी’. कर्नल ‘अपडेट्स’मध्ये आधी शोधतो, म्हणून तुमचीच फाइल उचलली जाते.

डीकेएमएसचे बहुतेक सर्व्हर पडतात ते एका साध्या कारणाने. नवा कर्नल अपडेटमध्ये येतो, पण त्याचे हेडर येत नाहीत, कारण तुम्ही फक्त त्या एका आवृत्तीचे हेडर घेतले होते. हेडर नाहीत म्हणून डीकेएमएस ते कर्नल वगळून पुढे जातं आणि अपडेट यशस्वी झाल्यासारखी दिसते. म्हणून उबंटूवर ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’, डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे सर्वसाधारण पॅकेज इन्स्टॉल करून ठेवा. एचडब्ल्यूई कर्नल असेल तर हेडरही एचडब्ल्यूईचेच. आणि प्रत्येक अपडेटनंतर, रीबूटच्या आधी, ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसतं का ते बघायची सवय लावा.

६. केमॉड आरपीएम

इंटेलच्या टारबॉलमध्ये तयार स्पेक फाइल (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी) असते, ‘आरपीएमबिल्ड -टीबी’ला टारबॉल दिला की पॅकेज बनतं. पहिल्या ओळखीसाठी ते ठीक आहे. पण सर्व्हरांच्या ताफ्यासाठी ‘कर्नल_मॉड्यूल_पॅकेज’ हा मॅक्रो वापरून स्वतःची स्पेक लिहा. त्यामुळे मॉड्यूलला लागणारे सिम्बॉल आणि त्यांचे चेकसम पॅकेजच्या गरजांमध्ये आपोआप नोंदले जातात. न जुळणाऱ्या कर्नलवर पॅकेज मग इन्स्टॉलच होत नाही. रीबूटनंतर कळण्यापेक्षा तेव्हाच कळलेलं बरं.

सोबत ‘डेपमॉड डॉट डी’मध्ये एक छोटी ‘ओव्हरराइड’ फाइल द्या, म्हणजे कर्नलमधल्या ‘आइस’ऐवजी तुमचा निवडला जाईल. इन्स्टॉल झाल्यावर ‘मॉडइन्फो -एन आइस’ निवडलेल्या फाइलचा पत्ता सांगतो. तो ‘एक्स्ट्रा’ किंवा ‘वीक-अपडेट्स’मधला हवा. ‘कर्नल/ड्रायव्हर्स’मधला आला तर अजून जुनाच चालणार आहे.

७. सिक्युअर बूट आणि सही

‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ने सिक्युअर बूट चालू आहे का बघा. चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल लोड होणार नाही. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ किंवा ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असा निरोप येतो. अनेक जण इथे सिक्युअर बूटच बंद करतात. कृपया तसं करू नका, चावी नोंदवायला फार वेळ लागत नाही.

‘ओपनएसएसएल’ने चावीची जोडी बनवा. जाहीर चावी ‘डीईआर’ स्वरूपात सर्व्हरवर न्या आणि ‘मोकयुटिल --इम्पोर्ट’ करा. तो एक तात्पुरता पासवर्ड विचारेल. पासवर्ड सोपा आणि फक्त अक्षरांचा ठेवा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्डची मांडणी अमेरिकन धरली जाते आणि चिन्हांची अदलाबदल होऊ शकते. रीबूट केलं की निळा पडदा येतो. काही सेकंदांत कळ दाबली नाही तर तो निघून जातो आणि सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून कन्सोल आधीच उघडा ठेवा. ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’. एवढंच.

खासगी चावी मात्र बिल्ड सर्व्हरवरच राहू द्या. ती प्रत्येक सर्व्हरवर ठेवली तर सिक्युअर बूटला काही अर्थ उरत नाही. डीकेएमएस स्वतःची चावी त्याच सर्व्हरवर ठेवतं. मी केमॉडकडे झुकतो त्याचं हेही एक कारण.

केमॉड बनवताना क्रम सांभाळा. मॉड्यूलची सही फाइलच्या शेवटी चिकटवलेली असते. आरपीएमची यंत्रणा इन्स्टॉलच्या टप्प्यानंतर फाइलींमधली डिबग माहिती ‘स्ट्रिप’ करते आणि त्यात सही उडून जाते. त्यामुळे स्ट्रिप आधी, सही नंतर, आणि एक्सझेड कॉम्प्रेशन सर्वांत शेवटी. तयार आरपीएम उघडून आतल्या मॉड्यूलवर ‘मॉडइन्फो’ चालवा. ‘साइनर’ची ओळ दिसली तरच पॅकेज पुढे पाठवा.

८. लोड करणं आणि रीबूट

पॅकेज इन्स्टॉल झालं तरी इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये) जुना ड्रायव्हर बसलेला असू शकतो. बूट होताना तोच आधी लोड होतो आणि नवा डिस्कवर पडून राहतो. रेड हॅटवर ‘ड्रॅकट -एफ’, डेबियन-उबंटूवर ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवा. मग ‘एलएसइनिटआरडी’ किंवा ‘एलएसइनिटरामएफएस’ने आतली यादी पाहून ड्रायव्हर आणि डीडीपी फाइल दोन्ही नवीन आहेत याची खात्री करा. आत ड्रायव्हर आहे पण डीडीपी नाही, असं झालं तर कार्ड सेफ मोडमध्येच उठेल.

रीबूट न करता ड्रायव्हर बदलायचा तर आधी ‘आयआरडीएमए’ मॉड्यूल काढावं लागतं, कारण ते ‘आइस’वर टेकलेलं असतं. ‘मॉडप्रोब -आर’ केल्याक्षणी तुमचं एसएसएच तुटणार, म्हणून काढणं आणि पुन्हा घालणं या दोन्ही कमांड एकाच ओळीत ‘सिस्टिमडी-रन’मधून द्या किंवा थेट कन्सोलवरून.

इंटरफेसचं नाव बदलणं हा इथला सगळ्यात त्रासदायक सापळा. ड्रायव्हर बदलला की नावापुढे ‘एनपी०’, ‘एनपी१’ अशी शेपटी येऊ शकते किंवा होती ती जाऊ शकते. कार्ड नीट चालतं, पण आयपीची सगळी सेटिंग जुन्या नावावर असते. म्हणून बदल करण्याआधीच ‘ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क’मध्ये मॅक पत्त्यावरून नाव पक्कं करणारी ‘डॉट लिंक’ फाइल ठेवा. तीही इनिटरामएफएसमध्ये जायला हवी.

रीबूटनंतर ‘ईथटूल -आय’चा आकडा आणि लिंकचा वेग तपासा. ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट-ऑफ-ट्री मॉड्यूल टेंट्स कर्नल’ अशी ओळ दिसेल. ती अपेक्षितच आहे, बाहेरच्या ड्रायव्हरची ती नोंद असते.

९. कार्डच दिसत नाही आणि ओएससुद्धा टाकायची आहे

रेड हॅट घराण्याचा इन्स्टॉलर यासाठी ड्रायव्हर डिस्क घेतो. यूएसबीवर ‘ओईएमडीआरव्ही’ हे लेबल दिलेली ड्रायव्हर डिस्क असेल तर तो ती आपणहून शोधतो. नाहीतर बूट ओळीत ‘इन्स्ट डॉट डीडी’ लिहायचं. डेबियन-उबंटूवर मला सोपं वाटतं ते म्हणजे कर्नलला ओळखीचं एखादं दुसरं कार्ड तात्पुरतं वापरून इन्स्टॉल करणं.

१०. मागे फिरायची वाट

जुन्या आवृत्तीचं पॅकेज स्वतःच्या रिपॉझिटरीतून काढून टाकू नका आणि बूट मेनूत आधीचा कर्नल राहू द्या. डिस्ट्रोची नवी उपआवृत्ती आली की तिच्यासोबत आलेला ड्रायव्हर चाचणी सर्व्हरवर पुन्हा तपासा. ज्या दोषासाठी बाहेरचा ड्रायव्हर घेतला होता तो तिथे दुरुस्त झाला असेल तर पॅकेज काढा, ‘डेपमॉड -ए’ चालवा, इनिटरामएफएस पुन्हा बनवा, ‘मॉडइन्फो -एन’चा पत्ता ‘कर्नल/ड्रायव्हर्स’वर परतला का ते पाहा आणि मगच रीबूट करा. ‘लिब/फर्मवेअर/अपडेट्स’मध्ये जुनी डीडीपी फाइल मागे राहिली असेल तर तीही काढा, नाहीतर नवा ड्रायव्हर तीच उचलेल.